कृपया दिवे बंद करू नयेत

४ सप्टेंबर

रोजनिशी पुन्हा सुरू. स्वतःपुरती, कोणाला दाखवायची नाही. तरी अक्षर नीट काढतोय. हयात फळ्यावर लिहिण्यात गेली, आता गिचमिड काढायला हात तयारच होत नाही.

संकल्प: गावात वीज आणायची. जोडीला चहा कमी करायचा.

वीजखात्याने खांब रोवले तेव्हा माझ्या शाळेत पहिलीत असलेली पोरं आता बाप झाली. तारा काही आल्या नाहीत. खांबांना लोक गुरं बांधतात. खात्याच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही. वरच्या ओढ्याला बारमाही पाणी आहे, खाली चांगला उतार आहे. पाण्यावर चक्र, चक्रावर जनित्र, जनित्रातून वीज. गावची गावातच. मुख्याध्यापक असताना ही आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढायचो आणि फळ्यावर ती कधीही बंद पडली नाही.

सौ. शहरात लेकीकडे आहेत. नातू झाला म्हणून गेल्या होत्या, तो नातू आता पळतो. काल फोनवर म्हणाल्या की घरात उजेड झाला की येईन. जाण्याआधी इथे अंधारात मागच्या पायरीवरून पडल्या, हात प्लास्टरमध्ये गेला, ते मनात धरून बसल्यात. अर्थात खरं कारण वेगळं आहे. लेकीला त्यांची गरज असते आणि त्या तसं बोलून दाखवत नाहीत. माझ्या योजनेचा आणि त्यांच्या येण्याचा काही संबंध नाही. हे सार्वजनिक काम आहे.

चहा चार वेळा झाला. उद्यापासून बघू.

९ सप्टेंबर

वीज समिती स्थापन. अध्यक्ष मी. एकमताने. हात वर करा म्हटल्याबरोबर सगळ्यांचे हात वर गेले. सगळे माझेच विद्यार्थी. शिंप्याने तर घाईत हात वर न करता पुढे केला, तळवा वर करून. त्याला म्हटलं, बाबा, छडी नाही, मतदान आहे.

गिरणीवाला म्हणाला की हेडसर, गिरणीला पण कनेक्शन द्या, डिझेलच्या धुराने जीव नकोसा झालाय. मी नाही म्हटलं. वीज घरांसाठी आहे, धंद्यासाठी नाही. त्यावर तो म्हणतो की दिवसा घरात कोण असतं, मग दिवसाची वीज कोण खाणार? वीज खात नाहीत, वापरतात, असं मी सांगितल्यावर सभा हसली. तोही हसला, पण जरा उशिरा. शाळेत असतानाही त्याला सगळं उशिराच कळायचं.

१७ सप्टेंबर

यंत्र पुरवणाऱ्या कंपनीकडून इंजिनियर आली. तरुण बाई, मॅडम म्हणायचं. चढ दमादमाने चढली, बादली आणि घड्याळ लावून ओढ्याचं पाणी मोजलं, खूश झाली. सगळ्या घरांना पुरून उरेल म्हणाली.

इथवर ठीक. मग तिने एका पेटीची गोष्ट काढली. म्हणे लोकांनी दिवे बंद केले की जनित्रावरचा भार जातो आणि चक्र सुसाट सुटतं. म्हणून उरलेली वीज ही पेटी स्वतःकडे ओढून घेते आणि पाण्याच्या टाकीत जाळून टाकते. मी विचारलं, म्हणजे आधी वीज तयार करायची आणि मग पाण्यात घालायची? ती म्हणाली, हो, अगदी बरोबर.

अगदी बरोबर! या गावाला मी काय शिकवलं असेल तर एकच: टाकू नका, सांडू नका, उरवू नका. खडूचे तुकडे चिमटीत धरता येईनात तोवर वापरले. आणि आता गावाच्या डोक्यावर उधळपट्टीची पेटी बसवू? पेटी रद्द केली. मॅडमने परत परत समजावलं. मी शांतपणे म्हटलं की तुमच्या वयात माझाही पुस्तकांवर फार विश्वास होता. तिने पेटी नको असं माझ्याकडून लिहून घेतलं. मी ठळक सही केली.

पेटीऐवजी संगमरवरी कोनशिला बसवायची. तिला वीज लागत नाही.

६ ऑक्टोबर

पाइप वर चढवताहेत. मी देखरेख केली. देखरेखीत कंबर धरली.

मेन स्विच ओढ्यावरच्या जनित्रघरात बसवायचा असं सगळ्यांचं मत. मी तो माझ्या व्हरांड्यात घ्यायला लावला. कारभार एका हाती असावा. उद्या कोणी येईल आणि गावभर अंधार करून जाईल.

बल्बही मीच निवडले. साधे तारेचे. कंपनीचे महागडे पांढरे दिवे डोळ्यांवर येतात.

१५ ऑक्टोबर

फोन चार्ज करायला गिरणीवर जावं लागतं. डिझेल इंजिनच्या शेजारी फळी आहे, तिच्यावर गावाचे सगळे फोन पिठात लोळत असतात. आपला ओळखण्यासाठी प्रत्येकावर फुंकर मारावी लागते. गिरणीवाला मुद्दाम मोठ्याने विचारतो की हेडसर, तुमची वीज कुठवर आली? मी म्हणतो, वाटेत आहे.

संकल्प: सौ.ना रोज फोन करायचा नाही. माणसाला वाटतं आपल्याला काही काम नाही.

संध्याकाळी फोन केला. पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीवर उभं राहिल्याशिवाय रेंज नाही. त्यांना सांगितलं, महिनाअखेर दिवे. त्या म्हणाल्या, बरं. मग म्हणाल्या, जेवता ना वेळेवर? हो म्हटलं. कंदिलाच्या उजेडात ताटात काय आहे ते नीट दिसत नाही, म्हणून जास्त जेवलं जात नाही. हे सांगितलं नाही.

३० ऑक्टोबर

सौ. आल्या! सकाळच्या बसने. एकच पिशवी आणली आहे. बाकीचं सामान मागून येणार असेल. मी विचारलं नाही.

संध्याकाळी उद्घाटन. सविस्तर उद्या लिहीन, आत्ता फार गडबड. भाषण पाठ आहे.

३१ ऑक्टोबर

नीट, क्रमाने लिहितो.

वरचं पाणी सोडलं. मी मेन स्विच वर केला. गाव उजळलं. खरंच उजळलं. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. सौ. घरात गेल्या, खोलीभर फिरल्या, कोपऱ्यातली जाळी बघितली, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या की किती वाळलात हो. मी भाषणाला निघालो.

कोनशिलेपाशी बोललो. छान झालं. विषय अर्थातच काटकसर. शेवटी आवाज चढवून म्हटलं की वीज मिळणं हे भाग्य आणि वीज वाचवणं हे कर्तव्य. ज्या घरात आत्ता माणूस नाही, त्या घरातला दिवा या क्षणी बंद झाला पाहिजे!

सगळं गाव तर माझ्यासमोर बसलेलं. म्हणजे घरात माणूस कुठेच नव्हतं. लोक उठले आणि धावत घरी गेले. माझा शब्द अजून या गावात चालतो. एकेक खिडकी विझत गेली. आणि चमत्कार असा की जसजसे इकडचे दिवे विझले, तसतसे कोनशिलेवरचे दिवे जास्त लख्ख होत गेले. मी टाळ्या मागितल्या. म्हटलं, बघा, वाचवलेलं कसं परत येतं ते डोळ्यांनी बघा!

मग दिवे फटाफट फुटले. काचा माझ्या टोपीवर. ओढ्याकडून कोणीतरी किंचाळल्यासारखा आवाज आला आणि मग जळका वास.

सौ.नी अंधारात चाचपडत अंथरूण घातलं. सकाळच्या बसने गेल्या. नातवाला करमत नसणार. पिशवी एकच आणली होती ते बरं झालं, ओझं कमी.

८ नोव्हेंबर

मॅडमचा फोन. जनित्राच्या आतल्या तारा जळल्या. दुरुस्त करून पाठवते म्हणाली, पण पेटीला वेळ लागेल, कारखान्यात रांग आहे. तोवर चालवायचं असेल तर एकही दिवा बंद करू नका, दिवसा नाही, रात्री नाही. मला वाटलं रेंज गेली. पुन्हा विचारलं. तेच म्हणाली.

म्हणजे चूक माझी नाही. गावाने एकदम दिवे बंद केले म्हणून हे झालं. लोकांना कशातही प्रमाण राहत नाही.

२ डिसेंबर

जनित्र परत आलं. मी स्वतः पाट्या रंगवल्या: कृपया दिवे बंद करू नयेत. घरोघर लावल्या. बंडखोरांनी लावावी तशी ही पाटी, आणि अक्षर माझं.

सौ.ना कळवलं. त्या म्हणाल्या की या वेळी भाषण आहे का? नाही म्हटलं. मग येते म्हणाल्या.

९ डिसेंबर

सौ. आल्या. ट्रंक आणली. दोन पिशव्या, चष्मा, लोकर, नातवाचा फोटो. ट्रंक मी एकट्याने व्हरांड्यात चढवली. कंबरेत उसण भरली पण कोणाला सांगणार नाही.

दिवे उत्तम.

१४ डिसेंबर

सौ. संध्याकाळी दिव्याखाली विणत बसतात. मी समोर बसून पेपर वाचतो. काही बोलत नाही आम्ही. इतकं बरं वाटतं की दोनदा चहा कमी झाला.

गावाचं मात्र अवघड आहे. शेजारच्या काकूंनी बल्ब आत झाकला जाईल असं खालून पातेलं टांगलंय. का विचारलं तर म्हणाल्या की हेडसर, उगाच जळताना बघवत नाही हो, निदान दिसू तरी नये. शिंपी भर दुपारी दिव्याखाली शिवतो, वाया जाऊ नये म्हणून. रात्री कोणाला झोप नाही. माणसं डोळ्यांवर फडकं बांधून झोपतात आणि सकाळी चिडलेली असतात. चौघांनी वेगवेगळं येऊन विचारलं की सर, फक्त थोडा वेळ बंद केला तर? मी नाही म्हटलं. ते खाली मान घालून गेले. त्यांच्यावर संस्कारच तसे झालेत. कोणी केले हा प्रश्न नाही.

शिंप्याने शिलाई मशीनला मोटर बसवली. शाबासकी दिली.

२० डिसेंबर

मलाही त्रास होतो, पण मी काबू ठेवून आहे. व्हरांड्यातला बल्ब लख्ख उन्हात जळतो, त्याच्या बरोब्बर खाली मेन स्विच. येताजाता दिसतो. उन्हात पेटलेला दिवा म्हणजे माझ्या तोंडावर कोणी जीभ काढून दाखवावी तसं वाटतं. खुर्ची पाठमोरी करून घेतली.

संकल्प: व्हरांड्यात जायचंच नाही.

पण पेपर तिथेच टाकतात.

२७ डिसेंबर

जे झालं ते असं.

दुपार. चांगलं ऊन. सौ. आत खिडकीशी विणत होत्या. मी पेपर घ्यायला व्हरांड्यात गेलो. डोक्यात दुसराच विचार होता, घराला रंग द्यावा का, सौ.ना कुठला आवडेल. बल्बकडे बघितलंसुद्धा नाही. पेपर काखेत घेतला आणि जाता जाता हात वर गेला. मी स्विच बंद केला असं म्हणता येणार नाही. हाताने केला. घराबाहेर पडताना दिवा बंद करणारा हात आहे तो, त्याला कोणी विचारायला सांगितलं नव्हतं.

ओढ्याकडून आवाज सुरू झाला. आधी शिट्टी, मग तीच वर वर चढत गेली. लक्षात आलं. लगेच चूक दुरुस्त केली, म्हणजे स्विच पुन्हा वर केला. तेच नको होतं म्हणे. सुसाट सुटलेली सगळी वीज एकदम घराघरात शिरली. गल्लीभर फटाफट. शिंप्याची मोटर गेली. काकूंचं पातेलं आतल्या बल्बच्या काचांनी भरलं. गुरं बुजून खांबाभोवती फिरली.

सौ. दारात आल्या. माझा हात अजून स्विचवर होता. त्यांनी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आत जाऊन सुटलेले टाके पुन्हा उचलायला बसल्या.

३ जानेवारी

गावाने सभा घेतली. मला बोलावणं नव्हतं. अध्यक्षाला वेगळं बोलावणं लागत नाही म्हणून मी गेलोच. खुर्चीत गिरणीवाला बसला होता. मला बघून उठला, खुर्ची पुसली, पण मग स्वतःच पुन्हा बसला.

ठराव: पेटी घ्यायची. गिरणीला कनेक्शन द्यायचं, दिवसाचा भार तिच्यावर. मेन स्विच जनित्रघरात हलवायचा आणि किल्ली सौ.कडे. मी विचारलं की सौ.च का? शिंपी उभा राहिला आणि म्हणाला की बाई दिवा लावतात आणि विसरून जातात सर, तसंच माणूस पाहिजे. सगळ्यांचे हात वर गेले. सौ.चाही. माझा अर्धा गेला.

घरी येताना सौ.ना म्हटलं, तुम्हाला कशाला हा व्याप, आपण मिळून बघू. त्या थांबल्या. म्हणाल्या की तुम्ही काही दिवस लेकीकडे राहा. मी म्हटलं, आणि तुम्ही? म्हणाल्या की मी इथेच. मला माझ्या घरात उजेडात राहायचंय हो. तुमच्या मनात काही नसतं हे मला माहीत आहे, पण तुमच्या हाताचा भरवसा नाही.

फार मायेने म्हणाल्या. म्हणून उलट बोलता आलं नाही.

३० जानेवारी

लेकीकडे. शहर. तात्पुरता मुक्काम. इथेही माझी गरज आहेच. नातवाला शिस्त नाही.

या घरात कोणी नसलेल्या खोल्यांतून दिवे जळत असतात. मी मागोमाग फिरून बंद करतो. काल एक न ओळखता येणारं बटण बंद केलं, तो फ्रीज होता. परवाचं इंटरनेटचं होतं. जावई सज्जन आहे. त्याने सगळ्या बटणांवर चिकटपट्टी लावली.

११ फेब्रुवारी

पेटी बसली. सौ.नी फोन केला. आपण होऊन केला! उरलेल्या विजेने टाकीतलं पाणी तापतं, लोक ते बादल्या भरभरून फुकट नेतात. काकू दिवसातून दोनदा आंघोळ करतात. दिवे लावा, बंद करा, काही होत नाही. गिरणीचा धूर गेला.

म्हटलं, छान, माझी मूळ कल्पना हीच होती. त्या म्हणाल्या, हो.

२ मार्च

आता सगळं सुरळीत आहे, तेव्हा माझ्या परतण्याची तारीख ठरवावी असं सुचवलं. सौ. म्हणाल्या की कंपनीची मॅडम एकदा येऊन तपासून जाऊ दे.

संकल्प: आठवडाभर फोन करायचा नाही.

३ मार्च

फोन केला. मॅडम येऊन गेली म्हणे. मग कधी येऊ? सौ. म्हणाल्या की तुमची खोली रंगवायला काढली आहे, वास जाऊ दे. कुठला रंग विचारलं. पांढरा. चांगला उजळ दिसतो म्हणाल्या.

२१ मार्च

संध्याकाळी फोन केला. मागे टीव्हीचा आवाज, बायकांचं हसणं. काकू, शिंप्याची बायको, सगळ्या आमच्याच घरी जमतात. सौ.ना बोलायला सवड नव्हती. तरी विचारलं की रंगाचा वास गेला असेल ना? म्हणाल्या, हो, केव्हाच. मग मी येऊ का? मागे कोणीतरी त्यांना हाक मारली. म्हणाल्या की बघू हो, आत्ता सगळं चांगलं चाललंय. मग जेवता ना वेळेवर, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

तर योजना यशस्वी. प्रत्येक घरात वीज. सौ. घरी परतल्या. ठरवलेलं सगळं पार पडलं, आढावा घेताना एकही गोष्ट राहिलेली दिसत नाही.

लेक आत्ता येऊन विचारून गेली की बाबा, असे अंधारात का बसलात, दिवा लावू का. नको म्हटलं. मला घरी जायचंय.